दोन जागांची नेटवर्क एका टनेलने जोडताना: फायरवॉलवर व्हीपीएन उभारण्याची पायरीवार पद्धत

पुण्यातल्या अनेक लहान उद्योगांची मांडणी सारखीच असते. हिशेब, विक्री आणि मालकांची बैठक पेठेत किंवा टिळक रस्त्यावर असते, तर कारखाना किंवा गोदाम चाकणला नाहीतर भोसरीला. व्यवसाय वाढला की कारखान्यातल्या स्टोअरकीपरला कार्यालयातल्या सर्व्हरवरचे टॅली उघडता यावे, कार्यालयातून कारखान्याच्या गेटवरचे कॅमेरे दिसावेत आणि चलन थेट तिकडच्या प्रिंटरवर निघावे, अशी गरज उभी राहते. त्यासाठी सर्व्हरचे रिमोट डेस्कटॉपचे पोर्ट सरळ इंटरनेटवर उघडे ठेवण्याचा मार्ग अनेकजण धरतात. कृपया तसे करू नका. डेटा कोंडून खंडणी मागणाऱ्या रॅन्समवेअरला आत शिरायला याहून सोयीचे दार नाही. दोन्ही जागी फायरवॉल, म्हणजे नेटवर्कच्या आत-बाहेर काय जाऊ द्यायचे ते ठरवणारे यंत्र, बसवून त्यांच्यामध्ये इंटरनेटवरूनच जाणारा कूटबद्ध टनेल, म्हणजे व्हीपीएन, उभा करणे हाच योग्य मार्ग आहे.

अशा जागांचे टनेल उभारण्याचे आणि सांभाळण्याचे काम मी करत आलो आहे. टनेल चालत नाही म्हणून जे फोन येतात, त्यांतल्या बहुतेकांचे कारण टनेलमध्ये नसतेच. ते लाइनच्या पत्त्यात, दोन्हीकडच्या सबनेटच्या (प्रत्येक जागेच्या आयपी पत्त्यांच्या गटाच्या) आखणीत किंवा फायरवॉलच्या नियमांत सापडते. म्हणून या लेखाचा बराच भाग टनेलच्या आधीच्या तयारीला दिला आहे आणि नवख्या वाचकाने तो वगळू नये अशी माझी कळकळीची विनंती आहे. उदाहरणे ओपीएनसेन्स या मोफत फायरवॉलची घेतली आहेत. ओपीएनसेन्स २०१५ मध्ये पीएफसेन्स या तशाच फायरवॉलमधून निघाले असल्यामुळे मेनूंची नावे थोडी वेगळी असली तरी दोन्हीकडे विचार एकच लागू पडतो, आणि जिथे फरक महत्त्वाचा आहे तिथे तो सांगितला आहे.

आधी जमवायच्या गोष्टी

- दोन्ही जागांच्या इंटरनेट सेवादारांकडून लेखी माहिती: पत्ता स्थिर आहे की बदलता, पीपीपीओई (लॉगिन करून चालू होणारी लाइन) असल्यास वापरकर्तानाव व पासवर्ड, गेटवे, सबनेट मास्क आणि लाइनवर व्हीलॅन क्रमांक असल्यास तो.
- स्थिर आयपी घ्यायचा असल्यास संस्थेचे पॅन, जीएसटी प्रमाणपत्र आणि जागेचा पुरावा, म्हणजे वीजबिल किंवा नोंदणीकृत भाडेकरार. सेवादार साधारणपणे हीच कागदपत्रे मागतात.
- प्रत्येक जागी किमान दोन नेटवर्क पोर्ट असलेले फायरवॉलचे यंत्र. जुन्या संगणकात जादा लॅन कार्ड घालूनही काम होते. असे कार्ड बुधवार पेठेत तपकीर गल्लीत सहज मिळते. शक्यतो इंटेलची चिप असलेले घ्यावे, कारण फ्रीबीएसडी या प्रणालीवर चालणाऱ्या अशा फायरवॉलमध्ये ते कमी त्रास देते.
- प्रत्येक फायरवॉलसाठी आणि सेवादाराच्या फायबर मोडेमसाठी यूपीएस. फायरवॉलला यूपीएस दिला आणि मोडेम साध्या बोर्डावर राहिला, तर वीज जाताच टनेल पडणारच.
- मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालणारा एक लॅपटॉप, म्हणजे बाहेरून चाचणी घेता येईल.
- एक वही. सगळे आकडे आधी तिच्यात आणि नंतर फायरवॉलमध्ये.

१. लाइनला खरा सार्वजनिक पत्ता आहे का, ते पाहा

दोनपैकी किमान एका जागेपर्यंत इंटरनेटवरून थेट पोचता आले पाहिजे. फायरवॉलच्या वॅन पोर्टवर, म्हणजे इंटरनेटची लाइन जोडलेल्या पोर्टवर, कोणता पत्ता आला आहे तो लिहून घ्या आणि त्याच लाइनवरच्या संगणकावरून, बाहेरच्या जगाला आपला पत्ता कोणता दिसतो हे दाखवणारे एखादे संकेतस्थळ उघडा. दोन्ही पत्ते एकच असतील तर लाइन योग्य आहे. वॅनवरचा पत्ता १००.६४.०.० ते १००.१२७.२५५.२५५ या टप्प्यातला असेल, तर सेवादाराने तुम्हाला सीजीनॅटच्या मागे ठेवले आहे. म्हणजे शेकडो ग्राहक एकाच सार्वजनिक पत्त्याने बाहेर जातात. सोसायटीच्या फाटकापर्यंत पत्र आले, पण फ्लॅटचा क्रमांकच लिहिलेला नाही, अशी बाहेरून येणाऱ्या पॅकेटची, म्हणजे डेटाच्या तुकड्याची, गत होते. अशा लाइनवर पोर्ट फॉरवर्ड (बाहेरून आलेली पॅकेट आतल्या ठरावीक यंत्राकडे वळवणे) कितीही नीट केले तरी त्याचा उपयोग होत नाही, आणि नवखा माणूस इथेच दिवस घालवतो.

एकाच जागी सीजीनॅट असेल तर चिंता नाही. ज्या जागी खरा पत्ता आहे तिने वाट पाहायची आणि दुसरीने संपर्क सुरू करायचा. दोन्ही जागी सीजीनॅट असेल तर एका जागी, शक्यतो सर्व्हर जिथे आहे तिथे, स्थिर आयपी घ्यावा. बाहेर भाड्याचा सर्व्हर घेऊन मध्यस्थ टनेल करण्याचा उपायही आहे, पण पहिल्याच उभारणीत तिसरे टोक वाढवू नये असे माझे मत आहे. पत्ता सार्वजनिक पण बदलता असेल तर डायनॅमिक डीएनएसवर, म्हणजे बदलत्या पत्त्यामागे चालणाऱ्या एका कायम नावावर, काम भागते. मात्र त्या नावाचा पत्ता एकदाच शोधून जुन्याच पत्त्याला धरून बसणाऱ्या फायरवॉल असतात, म्हणून पत्ता बदलल्यावर नाव पुन्हा शोधले जाते की नाही हे मुद्दाम तपासावे.

२. सेवादाराचा मोडेम ब्रिज करून घ्या

फायबरचा मोडेम स्वतःच राउटरचे काम करत असेल तर फायरवॉलच्या वॅनवर १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता दिसतो. सेवादाराला फोन करून मोडेम ब्रिज मोडमध्ये, म्हणजे स्वतः राउटर न होता लाइन सरळ फायरवॉलकडे देईल असा, टाकायला सांगावे आणि पीपीपीओईचे लॉगिन फायरवॉलमध्ये भरावे. ब्रिज करून मिळत नसेल तर मोडेममध्ये वायरगार्डचे यूडीपी ५१८२० हे पोर्ट फायरवॉलच्या पत्त्याकडे फॉरवर्ड करावे. वायरगार्डऐवजी आयपीसेक वापरणार असाल तर यूडीपी ५०० आणि ४५००. या दोन्ही टनेल उभारण्याच्या पद्धती आहेत, त्यांतली निवड चौथ्या पायरीत येते.

३. पत्त्यांची आखणी कागदावर करा

ही पायरी सर्वांत कंटाळवाणी आणि सर्वांत महत्त्वाची आहे. बाजारात मिळणारे बहुतेक राउटर १९२.१६८.०.०/२४ किंवा १९२.१६८.१.०/२४ हेच सबनेट देतात (/२४ म्हणजे पहिले तीन आकडे कायम, शेवटचा बदलता). कार्यालय आणि कारखाना दोन्हीकडे १९२.१६८.१.०/२४ असेल, तर कार्यालयातला संगणक १९२.१६८.१.५० ला शोधताना तो आपल्याच खोलीतल्या स्विचवर शोधतो. पॅकेट फायरवॉलपर्यंत जातच नाही. अशा वेळी पत्ते बदलून दाखवणारे नॅट टनेलवर लावून मार्ग काढता येतो, पण तो पुढच्या प्रत्येक दुरुस्तीला अवघड करून ठेवतो. एका बाजूचे सबनेट बदलणेच श्रेयस्कर.

मी वहीत अशी नोंद करतो: कार्यालय १०.४१.१०.०/२४, कारखाना १०.४२.१०.०/२४, टनेलचे कार्यालयाकडचे टोक १०.९९.०.१ आणि कारखान्याकडचे १०.९९.०.२, दोन्हींचा मास्क /३०. पहिला आकडा १० घेण्याचे कारण असे की घरून काम करणाऱ्यांच्या घरी जवळजवळ नेहमी १९२.१६८ असते, आणि उद्या त्यांनाही जोडायचे ठरले तर टक्कर होत नाही.

सबनेट बदलताना संगणकांचा प्रश्न येत नाही, ते डीएचसीपीने आपोआप नवा पत्ता घेतात. अडतात ती हाताने पत्ता भरलेली यंत्रे: हजेरीचे बायोमेट्रिक यंत्र, कॅमेऱ्यांचा डीव्हीआर, प्रिंटर, वजनकाट्याशी जोडलेला संगणक. या प्रत्येकाचा जुना पत्ता, नवा पत्ता आणि नवा गेटवे, म्हणजे बाहेर जाणारी पॅकेट ज्याच्याकडे द्यायची त्या फायरवॉलचा पत्ता, वहीत लिहावा. गेटवे हा शब्द मी मुद्दाम वापरला आहे. एकाच नेटवर्कमध्ये चालणाऱ्या यंत्रात गेटवे रिकामा किंवा चुकीचा असला तरी कोणाच्या लक्षात येत नाही, पण टनेलपलीकडून आलेल्या प्रश्नाला असे यंत्र उत्तर पाठवू शकत नाही. सगळे पिंग होते (म्हणजे ‘आहेस का’ या हाकेला उत्तर देते) आणि एकच डीव्हीआर होत नाही, तर प्रथम त्याचा गेटवे पाहावा. भोसरी-चाकण पट्ट्यात ज्या कारखान्यांना गुरुवारची सुट्टी असते त्यांनी हा बदल त्या दिवशी करावा, मात्र वीजदुरुस्तीसाठीही पुण्यात बहुधा गुरुवारच निवडला जातो, तेव्हा महावितरणची सूचना आधी पाहून ठेवावी.

४. वायरगार्ड की आयपीसेक, हे ठरवा

दोन्ही टोके तुमच्या ताब्यात असतील तर वायरगार्ड घ्या. तो मार्च २०२० मध्ये लिनक्स कर्नलच्या ५.६ या आवृत्तीत समाविष्ट झाला, त्याच्यात निवडण्यासारखे पर्याय फारच थोडे आहेत आणि म्हणून चुकण्यासारखेही थोडे. पलीकडे एखादी मोठी ग्राहक कंपनी असेल आणि तिचे नेटवर्क खाते तुम्हाला सेटिंगचा तक्ता पाठवत असेल, तर तो आयपीसेकचाच असणार. त्यांच्यासाठी सहावी पायरी आहे.

५. वायरगार्ड उभारा

दोन्ही फायरवॉलवर वायरगार्डच्या पानावर एकेक इन्स्टन्स तयार करा. खासगी आणि सार्वजनिक किल्ल्यांची जोडी तिथेच तयार होते. खासगी किल्ली त्या यंत्राबाहेर जाता कामा नये. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची असते ती फक्त सार्वजनिक किल्ली. दोन्ही किल्ल्या दिसायला सारख्याच लांबीच्या असतात, त्यामुळे पाठवण्यापूर्वी दोनदा पाहावे. इन्स्टन्समध्ये टनेलचा पत्ता आणि ऐकण्याचे पोर्ट ५१८२० भरा.

नंतर प्रत्येक बाजूला समोरच्याची पीअर म्हणून नोंद करा: त्याची सार्वजनिक किल्ली, त्याचा बाहेरचा पत्ता व पोर्ट, आणि ‘अलाउड आयपीज’. या शेवटच्या रकान्याची दोन कामे असतात. कोणत्या पत्त्यांकडे जाणारी पॅकेट या पीअरकडे पाठवायची हे तो ठरवतो, आणि त्या पीअरकडून आलेली पॅकेट कोणत्या पत्त्यांची असल्यास स्वीकारायची हेही तोच ठरवतो. कार्यालयाच्या फायरवॉलवर कारखान्यासाठी १०.४२.१०.०/२४ आणि १०.९९.०.२/३२ लिहावे, कारखान्याकडे १०.४१.१०.०/२४ आणि १०.९९.०.१/३२. इथे ०.०.०.०/० लिहिले तर कारखान्याचे सगळे इंटरनेट टनेलकडे वळू शकते. तिसरी शाखा जोडताना एकच टप्पा दोन पीअरखाली आला तर तो शेवटी लिहिलेल्याकडे जातो आणि पहिली शाखा गप्प होते.

जी बाजू सीजीनॅटच्या किंवा मोडेमच्या मागे आहे, तिच्यावर कीपअलाइव्ह, म्हणजे वाट उघडी राहावी म्हणून ठरावीक वेळाने जाणारे छोटे पॅकेट, २५ सेकंद ठेवा. ओपीएनसेन्स अलाउड आयपीजवरून मार्ग आपोआप लावते. पीएफसेन्समध्ये टनेलला इंटरफेस व गेटवे देऊन स्थिर मार्ग हाताने लिहावा लागतो. पीएफसेन्सवर हँडशेक (दोन्ही टोकांची ओळख पटवणारी देवाणघेवाण) दिसतो पण पिंग होत नाही, याचे कारण बरेचदा हेच निघते.

घड्याळाचा एक मुद्दा इथेच सांगतो. वायरगार्डच्या हँडशेकमध्ये वेळेची नोंद असते आणि आधीपेक्षा मागची वेळ असलेला हँडशेक समोरची बाजू जुन्या पॅकेटची नक्कल समजून नाकारते. जुन्या संगणकाचा मदरबोर्डवरचा सेल संपलेला असेल, तर वीज जाऊन आल्यावर घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते आणि ते दुरुस्त होईपर्यंत टनेल उभा राहत नाही. सीआर २०३२ हा सेल आधीच बदलावा आणि वेळ जुळवण्याचा एनटीपी सर्व्हर टनेलच्या पलीकडे नव्हे, तर थेट इंटरनेटवर ठेवावा.

६. आयपीसेक करावे लागल्यास

समोरच्या संस्थेकडून तक्ता घ्या आणि प्रत्येक ओळ दोन्हीकडे अक्षरशः तीच आहे याची फोनवर वाचून खात्री करा. पहिल्या टप्प्यात, म्हणजे दोन फायरवॉलची ओळख पटते त्या टप्प्यात, आयकेईव्ही२, एईएस २५६, शा २५६ आणि डीएच (सामायिक किल्ली ठरवण्याची पद्धत) गट १४ किंवा १९ मागावा. थ्रीडीईएस, एमडी५ किंवा डीएच गट २ या जुन्या, कमकुवत पर्यायांचा आग्रह कोणी धरला तर नम्रपणे पण ठामपणे नकार द्यावा. सामायिक गुप्तशब्द किमान तीसेक अक्षरांचा, यंत्राने तयार केलेला असावा आणि तक्त्याच्या ईमेलमधून पाठवू नये.

फायरवॉल मोडेमच्या मागे असेल तर ‘माझी ओळख’ या रकान्यात वॅनवरचा खासगी पत्ता आपोआप जातो आणि समोरची बाजू सार्वजनिक पत्त्याची वाट पाहत राहते. तिथे ओळख हाताने लिहावी. फायरवॉलच्या लॉगमध्ये ‘नो प्रपोजल चोझन’ दिसले तर कूटबद्धतेचे पर्याय जुळत नाहीत, ‘ऑथेंटिकेशन फेल्ड’ दिसले तर गुप्तशब्द किंवा ओळख, आणि ‘टीएस अनअ‍ॅक्सेप्टेबल’ दिसले तर दोन्हीकडची सबनेट जुळत नाहीत. डेटा वाहून नेणारा आयपीसेकचा ईएसपी हा प्रोटोकॉल क्रमांक ५० आहे, पोर्ट ५० नव्हे. नियम लिहिताना ही गल्लत नेहमी होते.

सर्वांत फसवा दोष दुसऱ्या टप्प्यातल्या, म्हणजे प्रत्यक्ष डेटा कूटबद्ध होतो त्या टप्प्यातल्या, पीएफएसचा (किल्ल्या बदलताना नवी डीएच देवाणघेवाण करण्याच्या पर्यायाचा) असतो. आयकेईव्ही२ मध्ये पहिली जोडणी होताना दुसऱ्या टप्प्यासाठी वेगळी डीएच देवाणघेवाण होतच नाही. त्यामुळे एका बाजूला पीएफएस गट १४ आणि दुसऱ्या बाजूला बंद असे असले तरी टनेल उत्तम उभा राहतो, सगळे समाधानाने घरी जातात, आणि किल्ल्या बदलण्याची मुदत आली की तो पडतो. टनेल दर तासाला नियमाने पडत असेल आणि दुसऱ्या टप्प्याची मुदत ३६०० सेकंद असेल, तर आधी पीएफएस तपासावे. सेवादाराच्या लाइनला दोष देण्याची घाई करू नये.

७. नियम लिहा, पण मोजकेच

नियम दोन जागी लागतात. वॅनवर टनेलचे पोर्ट आत येऊ देणारा एक, आणि टनेलच्या इंटरफेसवर पलीकडून येणाऱ्या पॅकेटांसाठी दुसरा. ओपीएनसेन्स आणि पीएफसेन्समध्ये पॅकेट ज्या इंटरफेसमधून फायरवॉलमध्ये शिरते तिथल्याच नियमाने त्याचा निकाल लागतो, हे लक्षात ठेवले की कोणता नियम कुठे लिहायचा हा गोंधळ मिटतो.

चाचणीपुरता टनेलवर सर्वांना सर्व काही मोकळे ठेवायला हरकत नाही, पण ते त्याच दिवशी बंद करावे. कारखान्यातून कार्यालयाच्या सर्व्हरकडे रिमोट डेस्कटॉपचे ३३८९, कार्यालयातून कारखान्याच्या प्रिंटरकडे ९१००, डीव्हीआरचे जे पोर्ट असेल ते, आणि पिंग. एवढ्यावर बहुतेकांचे काम चालते. सगळे मोकळे ठेवलेला टनेल कारखान्यातल्या एका संगणकाला लागलेली लागण कार्यालयातल्या हिशेबापर्यंत पोचवतो.

मायक्रोटिकसारख्या राउटरवर आयपीसेक करत असाल तर टनेलकडे जाणाऱ्या पॅकेटांना नॅटमधून वगळणारा नियम मास्करेड या नॅटच्या नेहमीच्या नियमाच्या वर ठेवावा लागतो. तो नसेल तर पॅकेटचा पत्ता आधीच बदलला जातो आणि ती टनेलमध्ये जात नाहीत.

८. एमटीयू जुळवा

पिंग होते, लॉगिनची खिडकी उघडते, पण फाइल कॉपी करताच सगळे गोठते. हे लक्षण दिसले की एमटीयूकडे, म्हणजे एका पॅकेटच्या कमाल आकाराकडे, वळावे. साध्या लाइनचे एमटीयू १५००, पीपीपीओई त्यातले ८ घेते म्हणून १४९२. वायरगार्डचे आवरण आयपीव्ही४ वर ६० आणि आयपीव्ही६ वर ८० बाइट खाते. त्याचे नेहमीचे १४२० हे एमटीयू १५०० मधून ८० वजा करून आलेले आहे. पीपीपीओईवर आयपीव्ही६ धरून १४१२ ठेवावे, आणि दोन्ही टोकांना तोच आकडा द्यावा. टीसीपीसाठी एमएसएस (एका पॅकेटमधला प्रत्यक्ष डेटा) त्याहून ४० ने कमी, म्हणजे १३७२. काही पानांवरचा एमएसएसचा रकाना ४० स्वतःच वजा करतो आणि काही ठिकाणी करत नाही; रकान्याखालची मदतीची ओळ वाचल्याशिवाय आकडा भरू नये.

पडताळणीसाठी विंडोजच्या पिंगमध्ये तुकडे न करण्याचा पर्याय लावून पलीकडच्या यंत्राला १३८४ बाइटचे (१४१२ मधून पॅकेटच्या शीर्षाचे २८ वजा) पिंग पाठवा. ते जाते आणि १३८५ चे जात नाही, तर १४१२ चा आकडा बरोबर बसला आहे.

९. क्रमाने तपासा

प्रथम हँडशेक पाहा. कीपअलाइव्ह लावलेल्या टनेलचा शेवटचा हँडशेक दोन-तीन मिनिटांपेक्षा जुना असेल तर टनेल बंद आहे. कीपअलाइव्ह नसेल आणि कोणी काही पाठवत नसेल, तर वायरगार्ड मुळातच शांत राहतो. तो दोष नव्हे. नंतर फायरवॉलवरून समोरच्या फायरवॉलच्या टनेल-पत्त्याला पिंग करा, मग तिच्या लॅन पत्त्याला, आणि शेवटी पलीकडच्या प्रत्यक्ष संगणकाला. आयपीसेकमध्ये फायरवॉलवरून पिंग करताना स्रोत म्हणून लॅन इंटरफेस निवडावा, नाहीतर पिंग वॅनच्या पत्त्याने निघते आणि टनेलमध्ये शिरत नाही.

शेवटच्या पायरीलाच अडले तर विंडोजची स्वतःची फायरवॉल पाहा. तिचा पिंगला परवानगी देणारा तयार नियम खासगी नेटवर्कवर फक्त स्थानिक सबनेटपुरता असतो आणि पलीकडचे सबनेट तिला परके वाटते. तरीही उलगडा झाला नाही तर फायरवॉलमधल्या पॅकेट कॅप्चरने चार ठिकाणी पाहावे: अलीकडचे लॅन, अलीकडचा टनेल, पलीकडचा टनेल, पलीकडचे लॅन. पिंग जिथपर्यंत दिसते आणि जिथून पुढे दिसत नाही, त्यांच्यामध्येच दोष असतो. अंदाजाने सेटिंग बदलत बसण्यापेक्षा या चार नोंदी कितीतरी लवकर उत्तर देतात.

विंडोजच्या ‘नेटवर्क’ खिडकीत पलीकडचे संगणक दिसणार नाहीत, कारण ती यादी स्थानिक नेटवर्कवरच्या घोषणांवर चालते. पत्त्याने किंवा डीएनएसमधल्या नावाने जावे. टॅलीचा डेटा टनेलपलीकडच्या शेअर फोल्डरमधून उघडू नये. प्रत्येक लहान वाचनासाठी पॅकेटची ये-जा होते आणि काम असह्य संथ होते. रिमोट डेस्कटॉपने सर्व्हरवरच टॅली चालवावे.

१०. नोंदी, बॅकअप आणि पुढची निगा

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार संस्थांनी आपल्या यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपायच्या असतात आणि निर्देशात सांगितलेल्या प्रकारची सुरक्षा घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची असते. फायरवॉलच्या डिस्कवर इतक्या दिवसांच्या नोंदी राहतीलच असे नाही, म्हणून त्या कार्यालयातल्या सिसलॉग (नोंदी साठवणाऱ्या) सर्व्हरकडे पाठवाव्यात.

टनेल चालू झाल्याच्या दिवशीच दोन्ही फायरवॉलच्या सेटिंगचा बॅकअप घ्या. त्या फाइलमध्ये खासगी किल्ल्या असतात, तेव्हा ती पासवर्ड लावून कूटबद्ध करूनच ठेवावी. फायरवॉलची नवी आवृत्ती दोन्ही जागी एकाच दिवशी चढवू नये. आधी तुम्ही स्वतः बसता त्या जागेची चढवावी, आठवडाभर टनेल नीट चालतो हे पाहावे, आणि मगच दुसरीकडची. तीही टनेलमधून नव्हे, तर तिथे कोणीतरी जबाबदार माणूस मोडेमजवळ फोन घेऊन उभा असताना.